हा घसा कुणाकडून आला?

नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या छोट्या दवाखान्यात संध्याकाळी सातनंतर पाय ठेवायला जागा नसते. विरार लोकलमधून उतरलेली माणसं स्टेशनवरून थेट तिथे येतात. दाराशी चपलांचा ढीग, चौघांच्या बाकावर सहाजण आणि आतून कंपाउंडरची हाक. अशा दवाखान्यात एखादी आई विचारते, "डॉक्टर, सोमवारी धाकट्याला दीड महिन्याची लस द्यायला आणलं होतं. थोरला इथेच बाकावर बसला होता. गुरुवारी त्याचा घसा धरला, ताप भरला. इथूनच लागलं असेल का हो?"

असा प्रश्न वसई-विरारच्या कितीतरी दवाखान्यांत रोज विचारला जात असेल. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली होती. आजारी माणसं जिथे बरी व्हायला येतात, तिथेच ती एकमेकांच्या सर्वात जवळ बसतात. म्हणून आईची शंका वावगी नाही. पण "लागलं असेल" आणि "लागलं" यांच्यामधलं अंतर कापायला काय काय करावं लागतं, ते या प्रकरणात पाहू.

१. घसा कधीच रिकामा नसतो

निरोगी माणसाच्या घशातही असंख्य जिवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. जागा अडवून ते उपद्रवी जिवाणूंना दूरही ठेवतात. या प्रकरणाचा नायक मात्र उपद्रवींपैकी एक आहे. त्याचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस. इथे त्याला नुसतं 'स्ट्रेप' म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो.

घशाची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात आणि आपोआप बरी होतात. मुलांच्या घसादुखीत साधारण दहातल्या दोन-तीन वेळा कारण स्ट्रेप असतं. तरीही डॉक्टर त्याला मान देतात. कारण उपचार न झालेल्या स्ट्रेपनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात, ते बरेही होतात. पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

आता पहिली अडचण. स्ट्रेप घशात असूनही मूल ठणठणीत असू शकतं. अशा व्यक्तीला 'वाहक' म्हणतात: ओझं वाहते, पण स्वतः आजारी नसते. ही कल्पना जुनी आहे. घटसर्पाचा जिवाणू ओळखणाऱ्या फ्रीडरिश लोफलर यांना १८८४ मध्येच तो एका निरोगी मुलाच्या घशातही सापडला होता.

साधं गणित करून पाहू. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची सरासरी काढली, तर शंभर निरोगी मुलांपैकी सुमारे १२ जण स्ट्रेपचे वाहक निघतात. समजा, दवाखान्यात साध्या विषाणूच्या सर्दीची ४० मुलं आली. त्यांच्या घशांची तपासणी केली, तर सुमारे पाचजणांत स्ट्रेप सापडेल. त्यांचा आजार मात्र स्ट्रेपचा नसेल. म्हणजे घशात जिवाणू सापडला एवढ्यावरून त्यानेच आजार केला, हेही ठरत नाही. मग तो कुणी दिला, हे तर दूरच.

२. शिंतोडा, मीठ आणि हात

एका घशातून दुसऱ्या घशात जायला जिवाणूला वाहन लागतं. ते कोणतं, हे पाहण्यासाठी १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्लुग्गे यांनी एक युक्ती केली. ज्याच्या वसाहती लालभडक दिसतात असा जिवाणू माणसाच्या तोंडात घालून त्याला बोलायला लावलं आणि आसपास अन्नरसाच्या बशा उघड्या ठेवल्या. दोन दिवसांनी बशांत कुंकवाच्या टिकल्यांसारखे ठिपके उगवले. घशातून आलेला जिवाणू रंगामुळे लगेच ओळखू आला.

काही वर्षांनी इंग्लंडमध्ये मर्व्हिन गॉर्डन यांनी हाच प्रयोग चक्क ब्रिटिश संसदेच्या रिकाम्या सभागृहात केला. त्याच जिवाणूच्या द्रावणाने गुळण्या करून ते उभे राहिले आणि शेक्सपिअरच्या नाटकांतले उतारे मोठ्याने म्हणू लागले. लाल ठिपके लांबच्या बाकांवर ठेवलेल्या बशांतही सापडले. तेव्हा निरुपद्रवी समजला जाणारा हा जिवाणू अशक्त रुग्णांना आजारी पाडू शकतो, हे पुढे कळलं. त्यामुळे आज असा प्रयोग कुणी करणार नाही.

शिंतोडा लांब कसा जातो, हे वसईकरांना मिठागरावरून चटकन समजेल. खाडीचं पाणी वाफ्यात घेतात, ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ उरतं. खोकल्यातून उडालेल्या थेंबाचंही तसंच होतं. मोठा थेंब थोड्याच अंतरात खाली पडतो. बारीक थेंबातलं पाणी मात्र पडण्याआधीच उडून जातं. उरतो तो क्षार आणि कफाचा सुकलेला कण, कधी आत जिवाणू असलेला. हा कण इतका हलका असतो की बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतो.

तिसरं वाहन हात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी डॉक्टर मॉर्टन हॅम्बर्गर यांनी लष्करी रुग्णालयांत स्ट्रेपच्या वाहकांचा अभ्यास केला. ज्यांच्या फक्त घशात जिवाणू होता, त्यांच्यापेक्षा ज्यांच्या नाकात होता ते कितीतरी जास्त जिवाणू पसरवत होते. नाक शिंकरलेल्या हाताने हस्तांदोलन केलं की जिवाणू समोरच्याच्या हातावर जात होता. म्हणून चांगल्या तपासणीत घशाबरोबर नाकाचाही नमुना घेतात.

३. व्हिएन्नातले हात, लंडनमधले घसे

रुग्णालयातच संसर्ग होतो, हे सर्वात विदारक रीतीने दिसलं ते बाळंतिणींच्या खोलीत. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आत. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतीच्या खोलीत येतात. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण सव्वा टक्क्यावर आलं.

तो कोणता जिवाणू, हे त्यांना ठाऊक नव्हतं. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक परिषदेत फळ्यावर मण्यांची माळ काढून दाखवली: सूतिकाज्वराचं कारण हे. १८८६ मध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचा प्रबंध हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणावरच होता. सूतिकाज्वराचा जंतू ओळखला गेला, त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती.

हात धुतले जाऊ लागले, उपकरणं उकळली जाऊ लागली, तरी बाळंतिणी दगावतच होत्या. इंग्लंडमध्ये हे प्रमाण १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसं खाली आलं नाही. मग जिवाणू येत होता कुठून?

लंडनमध्ये डोरा कोलब्रुक यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे भाऊ लेनर्ड कोलब्रुक क्वीन शार्लट रुग्णालयात याच आजारावर काम करत होते. डोराबाईंनी आजारी बाळंतिणींकडून नमुने घेतलेच, शिवाय त्यांची प्रसूती करणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या आणि घरच्या माणसांच्या नाक-घशाचेही घेतले. १९३५ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अनेक बाळंतिणींचा जिवाणू आणि मदतीला असलेल्या माणसाच्या घशातला जिवाणू जुळत होता. काही वेळा तो घरच्यांच्या किंवा खुद्द बाळंतिणीच्या घशाशी जुळत होता. व्हिएन्नात दोष हातांवर होता. लंडनमध्ये बोट तोंडाकडे वळलं. प्रसूतीच्या खोलीत तोंडाला मास्क का बांधायचा, याला आता भक्कम कारण मिळालं.

४. राजेळी की वेलची?

"जुळत होता" म्हणजे काय? सगळ्या स्ट्रेपच्या माळा सारख्याच दिसतात. ही बाब वसईच्या बागायतदाराला समजावून सांगावी लागत नाही. परक्याला सगळी केळी एकच. वसईकर राजेळी, वेलची आणि तांबडी सहज वेगळी करतो. सुकेळ्यांसाठी राजेळीच लागते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. स्ट्रेपचेही असेच वाण असतात.

ते ओळखण्याची वाट दोघांनी मोकळी केली. न्यूयॉर्कमध्ये रिबेका लान्सफिल्ड यांनी जिवाणूच्या अंगावरच्या 'एम' नावाच्या प्रथिनातले फरक शोधले. शिवाय १९३३ मध्ये त्यांनी स्ट्रेपच्या नातलगांचे अ, ब असे गट पाडले. आपला स्ट्रेप 'अ' गटातला. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी काचपट्टीवर रक्तद्रव टाकून वाण ओळखण्याची पद्धत बसवली. आज तेच काम एम प्रथिनाचं जनुक वाचून होतं आणि दोनशेहून जास्त वाण माहीत आहेत.

पण वाण जुळला म्हणजे चोर सापडला, असं नाही. समजा, गावातल्या स्ट्रेपपैकी २० टक्के 'क' वाणाचे आहेत आणि १ टक्का 'ख' वाणाचे. रुग्णात 'क' सापडला, तर संबंध नसलेल्या नर्सच्या घशातला स्ट्रेपही निव्वळ योगायोगाने 'क' निघण्याची शक्यता पाचात एक. रुग्णात 'ख' सापडला, तर अशा योगायोगाची शक्यता शंभरात एक. लोकलच्या डब्यात दोघांनी पांढरा शर्ट घातला म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. दोघांच्या शर्टावर एकाच शिंप्याचा तोच वेगळा टाका असेल, तर विचार करावा लागतो.

तो टाका आता दिसू लागला आहे. स्ट्रेपच्या संपूर्ण जनुकसंचात सुमारे १८ लाख अक्षरं असतात. पिढ्यानपिढ्या नक्कल होताना त्यात वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच चुका होतात. दोन नमुन्यांत एखाद्या अक्षराचाच फरक असेल, तर ते अलीकडेच एका साखळीत होते. शंभर फरक असतील, तर वाण एक असूनही त्यांचा एकमेकांशी अलीकडचा संबंध नाही.

५. ब्लँकेट निर्दोष सुटलं

जिवाणू वस्तूंवरून पसरतो की माणसावरून? अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या लष्करी तळावर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून चार्ल्स रॅमलकँप आणि त्यांचे सहकारी तरुण सैनिकांच्या घशांचा अभ्यास करत होते. पेनिसिलिनने ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो, हे त्यांनीच दाखवून दिलं. त्यांनी स्ट्रेपच्या रुग्णांनी वापरलेली ब्लँकेटं निरोगी सैनिकांना पांघरायला दिली. ब्लँकेटांवर जिवाणू जिवंत होते, बशीत वाढतही होते. तरीही ती पांघरणाऱ्यांत आजार वाढला नाही. सुकलेला जिवाणू मोजता येत होता, पण त्याची घशात रुजण्याची ताकद गेलेली होती.

मात्र खाटा जवळ आल्या की चित्र बदलत होतं. वाहकाच्या खाटेशेजारी झोपणाऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जास्त होतं. अंतर वाढत गेलं तसं ते कमी होत गेलं.

साठ वर्षांनी लंडनच्या शाळांतून याला दुजोरा मिळाला. इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१८-१९ मध्ये स्ट्रेपमुळेच येणाऱ्या स्कार्लेट तापाची साथ आलेल्या वर्गांत दर आठवड्याला निरोगी मुलांचे घसे तपासले. पहिल्या आठवड्यात दहा टक्के मुलांच्या घशात साथीचाच वाण होता, दुसऱ्या आठवड्यात २७ टक्के. बाकं, खेळणी अशा पृष्ठभागांवर तो जवळपास सापडलाच नाही. उंचावर उघड्या ठेवलेल्या बशांत मात्र तो पडला होता. याचा अर्थ फरशी पुसू नये असा नव्हे. रुग्णालयातले पडदे आणि उपकरणं दूषित होऊन साथ पसरल्याची उदाहरणं आहेतच. पण दवाखान्यात आधी खिडकी उघडावी की आधी फिनाईल आणावं, असा प्रश्न पडला तर खिडकी उघडावी.

६. प्रसूतिगृहात दुसरी केस आली तर

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा २००२ चा सल्ला असा: प्रसूतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर स्ट्रेपचा एक जरी गंभीर रुग्ण सापडला, तरी शोध सुरू करावा. सहा महिन्यांत त्याच वाणाचा दुसरा सापडला, तर कर्मचाऱ्यांचे नमुने घ्यावेत.

काल्पनिक उदाहरण घेऊ. एका प्रसूतिगृहात मे महिन्यात एका बाळंतिणीच्या रक्तात स्ट्रेप सापडला, ऑगस्टमध्ये दुसरीच्या. वाण एकच. दोघींशी संबंध आलेल्या १४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि तिघांत स्ट्रेप निघाला. दोघांचे वाण निराळे, म्हणून ते बाजूला. तिसरीचा वाण जुळतो आणि ड्युटीच्या वहीप्रमाणे दोन्ही प्रसूतींच्या रात्री ती कामावर होती.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुळणी दिशा सांगत नाही. तिने बाळंतिणीला दिला, की मेमधल्या बाळंतिणीकडून तिला आला? ते तारखांवरून ठरतं आणि नेहमीच ठरतं असं नाही. म्हणून अशा कर्मचाऱ्याला आरोपी मानत नाहीत. तिला प्रतिजैविक देतात, पहिले २४ तास रुग्णांपासून दूर ठेवतात, पुन्हा तपासतात. नमुना देण्याने पगार कापला जाईल किंवा नाव खराब होईल अशी भीती असेल, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही, आणि पुढच्या बाळंतिणीला वाचवण्याची संधी हुकेल.

घशाचाच दुसरा आजार म्हणजे घटसर्प. त्यात नियम आणखी कडक असतात. रुग्णाला वेगळं ठेवतात. उपचार संपल्यावर किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निर्दोष आल्याशिवाय विलगीकरण उठवत नाहीत. जवळच्या संपर्कातल्यांचे घसे तपासतात, त्यांना प्रतिजैविक देतात आणि लसीचा डोस राहिला असेल तर तो पूर्ण करतात.

७. वसई-विरारमध्ये हा अभ्यास कसा होईल?

कल्पना करू की महापालिकेच्या एका रुग्णालयात आणि तीन खासगी दवाखान्यांत वर्षभर असा अभ्यास करायचा आहे. पहिली पायरी परवानगीची. नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, आणि सात वर्षांवरच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचाही होकार.

दुसरी पायरी नमुन्याची. जीभ दाबून, दोन्ही टॉन्सिल्स आणि घशाची मागची भिंत कापसाच्या काडीने घासायची. जिभेला, गालाला स्पर्श होऊ द्यायचा नाही. मुलाला ओकारी येते, पण पाच सेकंदांत काम होतं. ती काडी चायनाग्राससारख्या घट्ट रसात मेंढीचं रक्त मिसळून बनवलेल्या बशीवर फिरवतात आणि बशी शरीराच्या तापमानाला ठेवतात. दुसऱ्या दिवशी स्ट्रेपच्या वसाहतीभोवतीचं रक्त विरघळून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसतं.

तिसरी पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फक्त आजारी मुलांचे नमुने घेऊन भागत नाही. त्याच दवाखान्यात लसीसाठी आलेली निरोगी मुलं, त्यांना घेऊन आलेले पालक, कंपाउंडर, नर्स, डॉक्टर या सगळ्यांचे घसे हवेत. शिवाय दवाखान्यात अजिबात न आलेली त्याच वस्तीतली मुलंही हवीत. ती नसतील, तर दवाखान्यात आल्याने धोका वाढला की तो वाण सगळ्या वस्तीतच फिरत होता, हे कळणारच नाही.

चौथी पायरी वहीची: कोण किती वाजता आलं, कुठल्या बाकावर बसलं, किती वेळ थांबलं, खिडकी उघडी होती का. पाऊस जोरात असला की खिडक्या बंद होतात, म्हणून पावसाळ्याचे आकडे वेगळे मांडायचे. जनुकवाचन इथे होणार नसेल, तर नमुने खाडीपलीकडे मुंबईला पाठवायचे. पण कितीही महागडं यंत्र असलं, तरी वही कच्ची असेल तर ते कुणाकडून कुणाकडे हे सांगू शकत नाही.

८. त्या आईचं उत्तर

आता बाकावरच्या आईकडे परत येऊ. स्ट्रेप घशात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. थोरल्याचा घसा गुरुवारी धरला. मागे मोजलं, तर लागण शनिवार ते मंगळवार या काळात कधीतरी झाली. सोमवार त्यात बसतो, म्हणजे दवाखाना संशयाबाहेर नाही. पण त्या चार दिवसांत मुलगा तीन दिवस शाळेत गेला, रोज ट्यूशनला बसला, रविवारी मावसभावांबरोबर जीवदानी गडावर जाऊन आला, रात्री आजोबांशेजारी झोपला. दवाखान्यात तो बसला पस्तीस मिनिटं.

म्हणून डॉक्टर तिला विचारतात, "ताई, घरात किंवा ट्यूशनमध्ये आणखी कुणाचा घसा दुखतोय का? याला खोकला, सर्दी आहे का?" सर्दी-खोकला असेल, तर विषाणूचा संशय बळावतो. तो नसेल, टॉन्सिल्स सुजल्या असतील आणि मानेच्या गाठी दुखत असतील, तर घशाचा नमुना घेतात. स्ट्रेप निघाला, तर औषधाचे पहिले २४ तास शाळा बंद आणि गोळ्या पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं तरी.

दवाखान्याच्या बाजूनेही दोन गोष्टी होतात. खोकणाऱ्याला आल्याआल्या मास्क मिळतो आणि लसीच्या तान्ह्या बाळांना सकाळची वेगळी वेळ दिली जाते. धाकट्याचा पुढचा डोस चार आठवड्यांनी, दहाव्या आठवड्यात आहे. त्या एका सुईत पाच आजारांवरची लस असते आणि घटसर्प त्यातला एक. लसीच्या कार्डावर डॉक्टर तारीख लिहून देतात, आणि तिच्यापुढे वेळ: सकाळी साडेनऊ.